हम्मुराबीचं कलम कसं वाचावं, कसं वापरावं

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याबद्दल 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' एवढंच कुणी सांगत असेल, तर आधी कलमाचा क्रमांक विचारा. हा कायदा कोरलेल्या, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या २.२५ मीटर उंच शिलास्तंभावर क्रमांक नाहीत. २८२ कलमांची विभागणी १९०२ मध्ये फ्रेंच अभ्यासक व्हँसाँ शेइल यांनी केली. स्तंभाच्या खालच्या भागातला मजकूर एलामच्या (आजच्या नैर्ऋत्य इराणमधल्या प्राचीन राज्याच्या) राजाने खरवडला होता. ६६ ते ९९ ही कलमं मातीच्या पाट्यांवरून जमेल तेवढी जुळवली आहेत. या पट्ट्यातलं कलम घेताना दोन भाषांतरं ताडून पाहा.

प्रत्येक कलम 'जर... तर' असं आहे. 'जर'मध्ये दोन्ही पक्षांचा दर्जा शोधा, कारण शिक्षा त्यावर ठरते. कलम १९६: अविलुमचा, म्हणजे प्रतिष्ठित स्वतंत्र माणसाचा डोळा फोडला तर डोळा. १९८: मुश्केनुमचा, म्हणजे खालच्या दर्जाच्या माणसाचा फोडला तर एक मिना चांदी. १९९: गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे. बहुतेक जण १९६ वाचून थांबतात आणि सगळा अर्थच हुकतो.

रक्कम आजच्या रुपयांत आणू नका, त्याच संहितेतल्या दरांशी ताडा. एक मिना म्हणजे ६० शेकेल, साधारण अर्धा किलो चांदी. कलम २२८ नुसार घर बांधणाऱ्याची मजुरी दर सारला (सुमारे ३६ चौरस मीटर) २ शेकेल. म्हणजे मुश्केनुमच्या डोळ्याची भरपाई ३० सार बांधकामाच्या मजुरीएवढी! दंड किरकोळ नव्हता, हे इथे कळतं.

शेजारची कलमंही वाचा. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड, हे २२९ सगळ्यांना पाठ असतं. पण २३२ मध्ये सामानाची भरपाई आणि स्वखर्चाने घर पुन्हा उभारणं आहे, २३३ मध्ये कलती भिंत पदरच्या चांदीने पक्की करणं. मात्र प्रत्यक्ष निवाड्यांच्या पाट्यांवर या कलमांचा हवाला जवळपास सापडत नाही. म्हणून या शिक्षा सर्रास होत होत्या असं लिहू नका.

आधुनिक कायद्यावरच्या प्रभावाचा दावा तपासताना वाट विचारा: मजकूर कुणापर्यंत, कधी पोचला? शिंगं मारणाऱ्या बैलाची कलमं (२५०–२५२) आणि बायबलमधल्या निर्गमच्या २१ व्या अध्यायातले नियम खरोखर जवळचे आहेत. पण तसेच नियम त्याआधीच्या, मेसोपोटेमियातल्याच एश्नुन्ना नगराच्या कायद्यातही आहेत, म्हणून 'सामायिक परंपरा' म्हणणं सुरक्षित. रेरा या भारताच्या २०१६ च्या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष विकासकाने मोफत दुरुस्त करायचा असतो. २३३ शी साम्य दिसतं, वारसा सिद्ध होत नाही: हा स्तंभच एलामची राजधानी असलेल्या सूसाच्या उत्खननात १९०१–०२ च्या हिवाळ्यात मिळाला.

'जगातला पहिला कायदा' हेही खोडा. उर नगराचा राजा उर-नम्मू याची संहिता हम्मुराबीच्या संहितेहून सुमारे तीन शतकं जुनी, आणि तिच्यात अवयव तोडल्यास चांदीचा दंड आहे.