व्यसन आणि मनाचा आजार एकत्र असतील तर उपचारांची तयारी कशी कराल?

मी व्यसनमुक्ती विभागात समुपदेशक आहे. पेशंटला घेऊन येणारे घरचे पहिल्याच भेटीत विचारतात, "आधी दारू सोडवू, मग डिप्रेशनचं बघू. चालेल ना?" नाही चालत. रात्र रात्र झोप नाही, जीव घाबराघुबरा होतोय, त्यावर त्याला माहीत असलेला एकच उतारा आपण काढून घेतो आणि बाकी काहीच देत नाही. असा माणूस टिकणार कसा? दुसरीकडे, रोज पिणं चालू असेल तर नैराश्याच्या गोळ्यांचा गुण येणंही अवघड. म्हणून दोन्ही उपचार एकाच वेळी, आणि शक्यतो एकाच टीमकडून घ्या.

येण्याआधी घरी बसून एक कागद तयार करा. मधोमध आडवी रेघ मारून त्यावर वर्षं लिहा. रेघेच्या वर व्यसन कधी लागलं, कधी वाढलं, कधी बंद होतं ते मांडा. खाली झोप, उदासी, भीती, संशय, भास, आत्महत्येचा प्रयत्न यांच्या नोंदी करा. व्यसन बंद होतं तो काळ नीट आठवून लिहा, मला सगळ्यात जास्त तोच कामाला येतो. दारूमुळे आलेली उदासी बहुतेकदा दारू सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागते. महिना उलटूनही ती तशीच असेल, किंवा व्यसनाच्या आधीपासूनच असेल, तर वेगळ्या आजाराचा विचार करावा लागतो.

एका बाईंनी अशा कागदावर लिहिलं होतं, "दारू बंद होती तेव्हा हे पहाटे तीनला उठून कपाटं रिकामी करायचे. दोन-तीन तास झोपूनही थकायचे नाहीत. नको त्या वस्तू उधारीवर आणायचे." तोपर्यंत सगळे नैराश्यच धरून चालले होते. हा कागद वाचून डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तेव्हा बायपोलर आजार निघाला, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अतिउत्साहाचा उन्माद. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणा, झोपेच्यासुद्धा. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या किंवा घबराटीवरच्या गोळ्या आणि दारू एकत्र पोटात गेल्या तर श्वास मंदावतो. पण अशा गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन हे भास-संशयावरचं औषध चालू असताना सिगारेट सोडली, तर त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. थरथर, घाम 6 ते 24 तासांत सुरू होतो, फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते, आणि दोन ते चार दिवसांत माणूस बरळू लागतो, नसलेलं पाहू लागतो. "वेड लागलं" म्हणत घरी थांबू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

कळकळीने सांगते, दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी जेवणात लपवून देऊ नका. त्यावर दारू घेतली तर प्रकार जिवावर बेतू शकतो. शिवाय या औषधाने भास आणि संशय वाढू शकतात. घरचे विष घालतात असा संशय ज्याच्या मनात आधीच आहे, त्याच्या ताटात खरोखर काहीतरी मिसळलेलं सापडलं, तर तो पुन्हा कुणाच्या हातची गोळी घेईल का?

केंद्र निवडताना मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी तपासतात आणि मनाच्या गोळ्या चालू ठेवतात का, हे विचारा. "इथे कुठलीच गोळी चालत नाही" असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र शोधा.

घरी परतल्यावर तो पुन्हा प्यायला, तर चिडून मनाची औषधं बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्या आणि तडक हॉस्पिटलात न्या.