रक्तातला कॅन्डिडा: औषधाचा डोस ठरवताना या चुका टाळा

लॅबमधून फोन येतो, 'ब्लड कल्चरमध्ये यीस्ट दिसतंय.' यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी, आणि कॅन्डिडा त्यातलीच एक. पहिली चूक इथेच होते. 'कंटॅमिनेशन (नमुन्यात बाहेरून आलेली भेसळ) असेल, उद्या पुन्हा पाठवू' म्हणत रात्र जाते. रक्तात कॅन्डिडा एका बाटलीत सापडला तरी तो खरा मानायचा आणि औषध त्याच दिवशी सुरू करायचं.

आयसीयूतल्या रुग्णाला सुरुवात इकायनोकॅन्डिन गटातल्या बुरशीविरोधी औषधानेच (कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन) करावी. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये कॅन्डिडा ऑरिस ही प्रजाती आहे आणि त्यावर फ्लुकोनाझोल हे नेहमीचं बुरशीविरोधी औषध बहुतेक वेळा चालत नाही. कॅस्पोफंजिन पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, नंतर रोज ५०. मायकाफंजिन रोज १००, त्याला लोडिंग (पहिला मोठा डोस) लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ फ्लुकोनाझोलचा. पहिला डोस किलोमागे १२ मिग्रॅ, म्हणजे साधारण ८०० मिग्रॅ. आपल्याकडची १०० मिलीची बाटली २०० मिग्रॅची असते, म्हणजे चार बाटल्या, आणि तासाला एकीपेक्षा वेगाने सोडायची नाही. चार बाटल्या पाहून हात आखडतो. त्यात क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर रेसिडेंट पहिलाच डोस अर्धा करतो. असं करू नका, कळकळीने सांगतो. पहिला डोस शरीर भरण्यासाठी असतो, किडनीशी त्याचा संबंध नाही. या औषधाचं अर्धायुष्य सुमारे ३० तास आहे. लोडिंग चुकलं तर रक्तात पुरेशी पातळी यायला पाच-सहा दिवस जातात, आणि या आजारात तेवढे दिवस हातात नसतात. किडनी मंदावली असेल (क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ५० मिलीच्या खाली) तर पुढचे रोजचे डोस निम्मे करा, पहिला नाही.

रुग्ण सलग चालणाऱ्या डायलिसिसवर, म्हणजे सीआरआरटीवर असेल तर गणित उलटं होतं. निरोगी किडनी गाळलेलं बरंचसं फ्लुकोनाझोल परत शोषून घेते. मशीन तसं करत नाही, सरळ फेकून देतं. 'किडनी बंद आहे' म्हणून इथे डोस कमी केला तर रुग्णाला औषधच पुरत नाही. रोज ४०० ते ८०० मिग्रॅ लागू शकतं. साध्या हिमोडायलिसिसवर पूर्ण डोस डायलिसिस झाल्यावर द्यायचा.

कॅन्डिडाची ग्लॅब्राटा ही प्रजाती निघाली आणि रिपोर्टमध्ये फ्लुकोनाझोलपुढे 'डोसवर अवलंबून' (म्हणजे मोठ्या डोसलाच दाद देणारी) असं आलं, तर नेहमीचे ४०० मिग्रॅ नव्हे, रोज ८००. क्रुसेई ही प्रजाती निघाली तर फ्लुकोनाझोल नकोच.

अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाची चूक मात्र जीव घेते. ते दोन प्रकारांत मिळतं: साधं, आणि चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं लायपोसोमल. लायपोसोमल किलोमागे ३ ते ५ मिग्रॅ, साधं जास्तीत जास्त १, आणि वायल दोन्हींची ५० मिग्रॅची. ६० किलोच्या रुग्णाला लायपोसोमलचे १८० मिग्रॅ लिहिले आणि साध्याच्या वायल भरल्या गेल्या, तर हृदय बंद पडू शकतं. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) दिवसांत लायपोसोमल मिळत नव्हतं म्हणून साधं वापरावं लागलं, तेव्हापासून दोन्ही अनेकांच्या हाताखाली आली आहेत. ऑर्डरवर नुसतं 'अँफो' कधीच लिहू नका. वायलवरचं पूर्ण नाव सिस्टरने मोठ्याने वाचावं. पातळ करायला ५ टक्के डेक्स्ट्रोज, सलाइन नाही.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) शक्य तितक्या लवकर काढा, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. इकायनोकॅन्डिन डोळ्यात नीट पोचत नाही. तिथे संसर्ग निघाला तर औषध बदलावं लागतं.

शेवटची चूक दिवस मोजण्याची. १४ दिवस पहिल्या डोसपासून मोजत नाहीत. औषध ३ तारखेला सुरू झालं आणि ७ तारखेला घेतलेलं कल्चर पहिल्यांदा निगेटिव्ह आलं, तर ७ हा पहिला दिवस, आणि औषध २० तारखेपर्यंत. त्यासाठी मधली कल्चर एक दिवसाआड तरी पाठवलेली असायला हवीत.