एडिट फॉर्म: पीएचपी नव्याने शिकणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

हाताखाली नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिलं काम एडिट फॉर्मचं, म्हणजे आधीची नोंद बदलणाऱ्या फॉर्मचं देते. नवीन नोंद टाकणारा फॉर्म बहुतेकांनी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये केलेला असतो. इन्सर्ट चुकलं तर टेबलात एक नको असलेली ओळ वाढते, ती काढता येते. अपडेट चुकलं तर आधीची खरी माहिती जाते, आणि गेली हे कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून या फॉर्मवर वेळ घालवा, असं मी मनापासून सांगेन.

ढाचा सगळ्यांना माहीत असतो. लिंकमधून आयडी घ्यायचा, सिलेक्टने ती ओळ आणायची, फॉर्ममध्ये भरून दाखवायची, सेव्ह दाबल्यावर पोस्टने आलेल्या व्हॅल्यू अपडेट क्वेरीत घालायच्या. कुठली ओळ बदलायची हे सांगणारा व्हेअर विसरलात तर अख्खं टेबल बदलतं. त्यामुळे हाताने क्वेरी चालवण्याआधी त्याच व्हेअरने सिलेक्ट करून किती ओळी येतात ते बघायची सवय लावा. जुन्या नोट्समध्ये मायएसक्यूएल क्वेरी नावाचं फंक्शन दिसलं तर त्या नोट्स बाजूला ठेवा. २०१५ च्या शेवटी आलेल्या पीएचपी ७ मधून ते काढून टाकलेलं आहे. थेट पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी वेगळी आणि व्हॅल्यू वेगळ्या पाठवायची पद्धत) शिका.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट हॅकरसाठी असतं असं शिकवलं जातं. ते खरंच आहे, पण त्याची गरज साध्यासुध्या माणसांमुळेही पडते. वसईकडच्या शाळेची यादी घ्या. डिमेलो, डिसूझा ही आडनावं इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येते. क्वेरी जोडून जोडून बनवली असेल तर त्या एका चिन्हावर ती तुटते. ही चूक निदान एरर तरी दाखवते. फॉर्म दाखवतानाची चूक तेवढंही करत नाही. पत्त्यात कुणी ‘बी विंग’ लिहून पुढे इमारतीचं नाव दुहेरी अवतरणात टाकलेलं असतं. अवतरणासारखी चिन्हं छापण्याजोगी करणारं एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स हे फंक्शन न लावता तो पत्ता इनपुटच्या व्हॅल्यूत छापला, की ब्राउझर पहिल्या अवतरणापाशीच थांबतो आणि खिडकीत फक्त ‘बी विंग’ उरतं. क्लार्क फोन नंबर बदलायला आलेला असतो. तो नंबर बदलून सेव्ह करतो आणि डेटाबेसमधल्या पत्त्यातून इमारत नाहीशी होते.

चेकबॉक्सचंही असंच. टिक काढलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. ‘आलेल्या तेवढ्याच फील्ड अपडेट करा’ असा कोड असेल, तर ‘बसची सुविधा हवी’ एकदा टिक झालं की ते कधीच निघत नाही. आयडी हिडन, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या फील्डमध्ये ठेवलात म्हणून तो सुरक्षित झाला असंही समजू नका, तो ब्राउझरमध्ये कुणालाही बदलता येतो. लॉगिन केलेल्या माणसाला ही ओळ बदलायचा हक्क आहे का, हे सेव्हच्या वेळी सर्व्हरवर पुन्हा तपासा.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. ऑफिसात दोन क्लार्क आहेत. दोघांनी एकाच विद्यार्थ्याचा फॉर्म उघडला. पहिलीने फोन बदलून सेव्ह केला. दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये अजून जुनाच फोन आहे. त्याने जन्मतारीख दुरुस्त केली आणि सेव्ह दाबलं. सगळ्या फील्ड एकदम लिहिल्या जातात, म्हणून जुना फोन परत आला. दोघांनाही ‘यशस्वी’ असा हिरवा मेसेज दिसला. दोघांचंही काहीच चुकलेलं नाही, चूक आपल्या कोडची आहे.

उपाय छोटा आहे. टेबलात व्हर्जन नावाचा आकड्याचा कॉलम ठेवा. फॉर्म दाखवताना तो आकडा सोबत पाठवा. अपडेटच्या व्हेअरमध्ये आयडीबरोबर तो व्हर्जनही जुळवा आणि त्याच क्वेरीत व्हर्जन एकने वाढवा. मग रो-काउंट, म्हणजे किती ओळी बदलल्या तो आकडा तपासा: एक आला तर सेव्ह झालं, शून्य आला तर मधल्या काळात कुणीतरी ती ओळ बदलली किंवा काढली. इथे आणखी एक अडचण सुटते. एरवी काहीही न बदलता सेव्ह दाबलं तर मायएसक्यूएल शून्य ओळी बदलल्या असं सांगतो आणि नवखे त्याला एरर समजतात. व्हर्जन दर वेळी वाढत असल्यामुळे तो घोळ होत नाही.

सेव्ह झाल्यावर दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट करा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर फॉर्म पुन्हा जात नाही, आणि पुढच्याच ओळीत एक्झिट लिहा. शून्य आला असेल तर मात्र रीडायरेक्ट नको. क्लार्कने टाइप केलेलं तसंच ठेवून फॉर्म परत दाखवा, आणि ज्या फील्ड वेगळ्या आहेत त्यांच्या शेजारी डेटाबेसमधली आत्ताची व्हॅल्यू दाखवा. कुठला फोन बरोबर, हे पालकांशी बोललेल्या क्लार्कलाच ठाऊक असतं.