भेटीचा साबण आणि त्याला सुटणारा घाम

दिवाळीच्या भेटीसाठी तयार सोप बेस (वितळवून साच्यात ओतायचा बाजारात मिळणारा तयार साबण) वितळवून साबण करणाऱ्यांचं ओतण्याचं काम बहुधा बरं होतं. फसतं ते नंतर. कमळ, पणती, मोदक असे सुबक आकार साच्यातून निघतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर थेंब उभे असतात. हा घाम बेस खराब असल्यामुळे येत नाही. बेसमध्ये ग्लिसरीन मुबलक असतं आणि ग्लिसरीन हवेतलं बाष्प ओढतं. मुंबई, कोकण, गोव्याकडे ऑक्टोबरातही हवा दमट असते, त्यामुळे उघडा साबण तिथे हमखास पाझरतो. पुण्यात किंवा नागपुरात कोरड्या दिवसांत हाच साबण कोरडा राहतो, म्हणून तिकडच्यांचा सल्ला किनाऱ्यावर डोळे झाकून घेऊ नका.

सगळ्यात वाईट सल्ला फ्रिजचा. 'दहा मिनिटांत साबण तयार' म्हणून साचा फ्रिजमध्ये ठेवतात. गार साबण उबदार खोलीत आला की त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि ग्लिसरीन ते धरून ठेवतं. फ्रीजर तर त्याहून वाईट. साचा ओट्यावर पंख्याखाली राहू द्या. १०० ग्रॅमच्या वडीला तीन-चार तास लागतात, जाड साच्याला रात्रभर. बेसमध्ये वरून मध किंवा आणखी ग्लिसरीन घालू नका, घाम वाढतो.

साबण पूर्ण निवला की त्याच दिवशी गुंडाळा. दर्शनी बाजू खाली करून साबण क्लिंग फिल्मवर ठेवायचा, फिल्म चारही बाजूंनी ताणून मागे घ्यायची, जास्तीची कापायची, मागच्या घड्यांवर हेअर ड्रायर दोन-तीन सेकंद फिरवायचा आणि वर लेबल चिकटवायचं. लेबलाने घड्या झाकल्या जातात. संख्या जास्त असेल तर श्रिंक फिल्म (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी फिल्म) आणि हीट गन घ्या. गन सतत हलती ठेवा, एका जागी थांबली की नक्षीच्या कडा वितळतात. हातमोजे घाला, पारदर्शक साबणावर बोटांचे ठसे लगेच दिसतात.

पुठ्ठ्याची डबी किंवा ऑर्गन्झाची पोटली म्हणजे फक्त सजावट. त्यातून बाष्प आरामात आत जातं. सिलिका जेलची पुडी उघड्या डबीत टाकून काही साधत नाही. आधी फिल्म, मग पोटली.

घाम आलाच तर घाबरू नका, साबण वापरायला उत्तम असतो. नुसता पुसला तर थेंब परत येतात. एसी खोलीत पंख्यासमोर कोरडा होऊ द्या आणि तिथेच घट्ट गुंडाळा.

ओतण्याबद्दल थोडक्यात. ५०० ग्रॅम बेसचे दोन सेंटिमीटरचे तुकडे डबल बॉयलरमध्ये (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात) झाकण ठेवून वितळवा, ६० ते ६५ अंश सेल्सिअसवर. ७० च्या वर गेला की पाणी उडतं, बेस दाट आणि पिवळट होतो. सुगंधी तेल दोन टक्के, म्हणजे १० ग्रॅम, तेही वजनकाट्यावर. विक्रेत्याकडे त्या तेलाचं इफ्रा (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणपत्र मागा. त्यात साबणाचा वर्ग ९ असतो. तिथली कमाल मर्यादा दोन टक्क्यांहून कमी असेल तर तीच पाळा. मायका, म्हणजे रंगासाठीची चमकदार पूड, अर्धा चमचा पुरे. खाण्याचा रंग नको, तो एका थरातून दुसऱ्यात पसरतो. व्हॅनिलाचा वास पांढऱ्या साबणाला तपकिरी करतो. गुलाबाच्या पाकळ्याही काळ्या पडतात, कॅलेंड्युलाच्या मात्र पिवळ्या राहतात. उटण्याची पूड तळाशी बसू नये म्हणून बेस ५० अंशांच्या आसपास किंचित दाटल्यावर ओता.

दोन रंगांचे थर सुटतात ते बहुतेक वेळा स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, न फवारल्यामुळे. खालच्या थरावर साय धरली, पण तो अजून कोमट आहे, अशा वेळी ते फवारून दुसरा थर साधारण ५० ते ५५ अंशांवर ओता. फवारताना गॅस बंद हवा. वरचे बुडबुडेही याच फवाऱ्याने जातात.

कॉस्टिक सोड्यापासून साबण करण्याची हौस असेल तर दिवाळीच्या तोंडावर नको. तो मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे गणपतीतच ओतून झालेला हवा. दोन तासांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणून हे काम येत नाही.

घरच्यांना भेट देणं वेगळं, विकणं वेगळं. विक्रीसाठी बनवायचा तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. 'घरगुती आहे, चालतं' असं सांगणाऱ्या मार्गदर्शकाला त्याचा परवाना क्रमांक विचारा.

फराळाच्या डब्यात साबण ठेवू नका, फिल्म असली तरी करंज्यांना वास लागतो. आणि मोदकाच्या आकाराच्या साबणावर 'हा साबण आहे, खाऊ नये' असं दर्शनी बाजूला ठळक लिहा. लहान मुलं मागचं लेबल वाचत नाहीत.