शाळेतल्या मोठ्या मुलांना रक्तदानासाठी तयार कसं करायचं

आधी वयाचा नियम बघा, बऱ्याच ठिकाणी १८ पूर्ण लागतात, काही देशांत १६-१७ ला पालकांच्या सहीने चालतं, वजनाचीही अट असते. बसत नसेल तर मुलांना कॅम्पची कामं द्या, पोस्टर, नावनोंदणी, घरच्या मोठ्यांना पटवणं (हे त्यांना आपल्यापेक्षा भारी जमतं).

भाषण नको. मुलांची खरी भीती म्हणजे सुई आणि सगळ्यांसमोर चक्कर येणं, त्यावर मोकळेपणाने बोला, की रक्त काढायला साधारण १० मिनिटं लागतात, टोचतं ते क्षणभर, आणि प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) काढल्यावर ५-७ दिवसच टिकतात म्हणून डोनर सतत लागतात. आधी रक्त दिलेला एखादा सीनियर बोलला तर अजून बरं.

चक्कर कमी वयात आणि पहिल्या वेळी जास्त येते हे खरंय, म्हणून नीट जेवून यायला सांगा, आधी अर्धा लिटर पाणी प्यायला द्या, नंतर १५ मिनिटं बसवून ठेवा, त्या दिवशी खेळाची प्रॅक्टिस बंद. हिमोग्लोबिन कमी म्हणून कोणाला परत पाठवलं तर चिडवाचिडवी होऊ देऊ नका. आणि सर्टिफिकेट ठीक, पण रक्तदानाचे मार्क वगैरे अजिबात नकोत, मग ती जबरदस्तीच झाली ना