शिंपल्यांचं कॅल्शियम घेताना

शिंपल्यांपासून केलेली गोळी म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच. ‘नैसर्गिक’ म्हणून हाडांना जास्त काही मिळत नाही. लेबलवरचा आकडा मात्र नीट वाचा. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं, आणि शरीर एका वेळी साधारण तेवढंच नीट शोषतं. म्हणून दोन गोळ्या असतील तर सकाळ-संध्याकाळ विभागा, तीही जेवणासोबत, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटबद्दल (आम्ल कमी असलं तरी शोषला जाणारा कॅल्शियमचा दुसरा प्रकार) विचारा. थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर हवंच (हे हमखास विसरलं जातं!). शिंपले-कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.