डिजिटल ब्रश आणि लेयर वापरून चांदण्या रात्रीचे निसर्गचित्र कसे रंगवावे

रात्रीचे चित्र काढायचे म्हटले की बहुतेक नवशिके आधी सगळ्या कॅनव्हासवर काळा रंग ओततात आणि मग त्यावर पांढरा चंद्र चिकटवतात. मीही तेच केले होते. पडद्यावर ते चित्र मला फार आवडले होते, पण छापील प्रत हातात आली तेव्हा चौकटीत एक पांढरी टिकली आणि बाकी सगळे डांबर, एवढेच उरले होते. दोष छापणाऱ्याचा नव्हता. डोंगर, झाडे, पाणी असे सगळे काही मी काळ्याच्या इतक्या जवळच्या छटांत रंगवले होते की कागदावर त्यांच्यातला फरक टिकणे शक्यच नव्हते. त्यानंतर मी शुद्ध काळा रंग रात्रीच्या चित्रातून जवळजवळ हद्दपार केला. पुढे दिलेली पद्धत त्याच अनुभवातून बसलेली आहे.

उदाहरणासाठी भंडारदऱ्याचा जलाशय घेऊ. दिवस कार्तिक पौर्णिमेचा, वेळ सूर्योदयाच्या पाऊण-एक तास आधीची. पावसाळा संपून फार दिवस झालेले नसल्याने जलाशयात भरपूर पाणी आहे. दक्षिण काठावरून वायव्येकडे पाहिले की पाण्यापलीकडे कळसूबाईची रांग दिसते आणि पौर्णिमेचा चंद्र त्या बाजूला मावळतीला उतरलेला असतो. चंद्र डोंगरांच्या मागे असल्यामुळे डोंगरांच्या आपल्याकडच्या बाजूला प्रकाश नसतो, त्या केवळ छायाकृती असतात. नवशिक्यासाठी ही मोठीच सोय आहे, कारण छायाकृतीत कडेकपाऱ्यांचे बारकावे रंगवावे लागत नाहीत.

साधने आणि कॅनव्हास

मी क्रिटा हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर वापरतो, कारण ते मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालते. इबिस पेंट, प्रोक्रिएट किंवा फोटोशॉप यांतही ही कृती बहुतांशी करता येते, बटणांच्या जागा आणि काही सोयी मात्र बदलतात. दाब ओळखणारा स्टायलस, म्हणजे डिजिटल पेन, असल्यास उत्तम, नसल्यास माऊसनेही हे चित्र होते, मात्र तेव्हा ब्रशची ऑपॅसिटी, म्हणजे रंगाचा अपारदर्शकपणा, दर वेळी हाताने कमी-जास्त करावी लागते.

कॅनव्हास ३००० बाय २००० पिक्सेलचा घ्यावा. क्रिटात नवी फाईल उघडताना रंगाची खोली विचारली जाते, तिथे ८ बिटऐवजी १६ बिट निवडावे. हा तांत्रिक हट्ट वाटेल, पण रात्रीच्या आकाशात त्याचे कारण चटकन दिसते. ८ बिटमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात. आपले आकाश १४ टक्के उजळपणापासून ३८ टक्क्यांपर्यंत जाणार आहे, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम ६१ पायऱ्या येतात. त्या १३०० पिक्सेल उंचीवर पसरल्या की प्रत्येक पायरी सुमारे २१ पिक्सेल रुंद होते आणि आकाशात साडीच्या काठासारखे आडवे पट्टे उमटतात. १६ बिटला स्मृती दुप्पट लागते. या आकाराचा पूर्ण भरलेला एक लेयर (एकावर एक ठेवायच्या पारदर्शक थरांपैकी एक) ८ बिटमध्ये साधारण २४ एमबी, तर १६ बिटमध्ये ४८ एमबी जागा घेतो. फोनवर काम करणाऱ्यांनी म्हणून कॅनव्हास निम्मा करावा, तरी शिकायला तो पुरतो.

ब्रश तीनच घ्यावेत: कडा धारदार असलेला गोल ब्रश, मऊ एअरब्रश आणि खरबरीत पोताचा कोणताही कोरडा ब्रश. शेकडो ब्रशांचे संच उतरवून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता, आणि त्यातले बहुतेक ब्रश मी आजवर उघडलेलेही नाहीत.

आकाश

सर्वांत खालच्या लेयरला लगेच ‘आकाश’ असे नाव द्यावे. नावे न देता बारा लेयर झाले की कोणता लेयर कशाचा हे शोधण्यातच संध्याकाळ जाते. पाण्याची रेषा तळापासून ७०० पिक्सेलवर धरावी, म्हणजे वर आकाशाला १३०० पिक्सेल मिळतात. रंग निवडताना रंगछटा, संपृक्तता (रंगाचा भडकपणा) आणि उजळपणा अशा तीन पट्ट्यांचा निवडक उघडावा. आकाशाच्या माथ्यासाठी रंगछटा २२५, संपृक्तता ६०, उजळपणा १४ असे आकडे ठेवावेत आणि क्षितिजासाठी २१०, ३० व ३८. या दोन रंगांमध्ये ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा पट्टा, ओढावा आणि नंतर मोठ्या एअरब्रशने, ऑपॅसिटी १० टक्क्यांवर ठेवून, चंद्र येणार असलेल्या भागात थोडा उजेड मिसळावा, कारण निव्वळ यंत्राने ओढलेला ग्रेडियंट फार गुळगुळीत आणि निर्जीव दिसतो.

चांदण्यात निळा रंग कुठून येतो, हे एकदा समजून घेतले की रंग निवडताना हात अडखळत नाही. चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, आणि मोजला तर तो सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच निघतो. निळेपणा येतो तो आपल्या डोळ्यांमुळे. मंद प्रकाशात दृष्टिपटलावरच्या दंडपेशी काम करू लागतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत, पण निळ्या-हिरव्या बाजूचा प्रकाश त्या अधिक टिपतात आणि लाल वस्तू त्यांना काळपट दिसतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८१९ साली हा बदल नोंदवला. चित्रात याचा उपयोग सरळ आहे. चांदण्या रात्री संपृक्तता कमी ठेवावी आणि रंगछटा निळ्याकडे झुकवावी. गडद निळी शाई ओतल्यासारखे आकाश पोस्टरवर शोभते, पण चांदण्याचे वाटत नाही.

चंद्र आणि तारे

चंद्रासाठी वेगळा लेयर करावा. तो केवढा काढायचा, इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. आकाशात चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. आपला कॅनव्हास डावीकडून उजवीकडे ६० अंशांचे दृश्य दाखवतो असे धरले, तर एका अंशाला ५० पिक्सेल येतात आणि खरा चंद्र अवघा २५ पिक्सेलचा होतो. कॅनव्हासवर ती टिंबाएवढी खूण पाहून विश्वास बसत नाही. क्षितिजाजवळचा चंद्र मनाला मोठा भासतो, त्यामुळे थोडी सूट घ्यायला हरकत नाही. मी ६० ते ७० पिक्सेलपर्यंत जातो. त्यापुढे गेले की डोंगर ढेकळांसारखे दिसू लागतात. चंद्र पाण्याच्या रेषेपासून ६०० पिक्सेल वर आणि डावीकडच्या एक तृतीयांशावर ठेवावा, धारदार ब्रशच्या एकाच ठशाने उमटवावा आणि त्याचा रंग निव्वळ पांढरा न घेता रंगछटा ५०, संपृक्तता ८, उजळपणा ९८ असा घ्यावा.

ताऱ्यांचा लेयर चंद्राच्या खाली असावा. फवाऱ्याच्या ब्रशने हजार ठिपके उडवण्याची सवय इथे नडते. पौर्णिमेला चंद्रप्रकाशात फिकट तारे बुडून जातात, म्हणून तीस-चाळीस ठिपके हाताने टाकावेत. बहुतेक दोन-तीन पिक्सेलचे, चार-पाच थोडे मोठे, चंद्राजवळ जवळजवळ नाहीत आणि क्षितिजाजवळ विरळ. आपल्या पंचांगाची इथे मदत होते. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून महिन्याला नाव मिळाले आहे, तेव्हा कार्तिकातल्या चंद्राच्या शेजारी कृत्तिकांचा पुसटसा पुंजका दाखवता येईल, पण सप्तर्षी नव्हे. चंद्राचा मार्ग सप्तर्षींजवळून जातच नाही. आणि पुढे कधी चंद्रकोर काढाल तेव्हा कोरीच्या पोटात चांदणी ठेवू नये. तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो.

डोंगरांच्या रांगा

आता चित्राचा खरा भाग. शाळेत आपण सगळ्यांनी दोन त्रिकोणी डोंगर आणि त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य काढला आहे, आणि हात अजूनही तोच त्रिकोण काढायला धावतो. सह्याद्री तसा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झाला असल्याने त्याची बाह्यरेषा पायऱ्यांची असते. सपाट माथा, त्याखाली सरळ तुटलेला कडा, मग उतार, पुन्हा छोटा कडा. त्यामुळे धारदार ब्रशने रेषा ओढताना प्रत्येक डोंगरात निदान एक आडवा आणि एक उभा तुकडा आला आहे ना, हे पाहावे. उंचीवरही लगाम ठेवावा. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखरही जलाशयापलीकडून पाहताना आपल्या मापाने साधारण ३०० पिक्सेलच भरते.

तीन रांगांसाठी तीन स्वतंत्र लेयर करावेत आणि सर्वांत दूरची रांग आधी रंगवावी. तिचा उजळपणा २८, मधल्या रांगेचा २०, जवळच्या टेकडीचा १३ ठेवावा. जवळ येताना संपृक्तताही थोडी बदलत न्यावी, पण उजळपणाची ही उतरंड मोडू नये. दूरचा डोंगर क्षितिजाच्या आकाशाहून फक्त दहा टक्के गडद आहे, आणि हवेतला दमटपणा व अंतर दोन्ही या दहा टक्क्यांतूनच दिसतात. एक रांग भरून झाली की तिच्या लेयरचा अल्फा लॉक करावा. आता ब्रश कितीही फिरवला तरी रंग त्या आकाराबाहेर जात नाही. एअरब्रश ३०० पिक्सेलचा करून, क्षितिजाच्या आकाशाचा रंग उचलून, १५ टक्के ऑपॅसिटीने डोंगराच्या पायथ्याशी दोन-तीन हलके हात मारावेत. माथा गडद आणि पायथा विरघळलेला दिसला की पहाटेचे धुके वेगळे रंगवायची फारशी गरज उरत नाही.

पाणी

पाण्यासाठी डोंगरांचे तिन्ही लेयर एका गटात घालून त्या गटाची प्रत करावी, प्रत एकत्र करून उभी उलटावी आणि पाण्याच्या रेषेला जुळवावी. त्याखाली आकाशाच्या लेयरचीही उलटी प्रत ठेवावी. प्रतिबिंबात काळे थोडे फिके आणि उजळ थोडे मंद होते, म्हणून डोंगरांच्या प्रतीची ऑपॅसिटी ७० ते ७५ टक्के ठेवावी आणि आकाशाची प्रत किंचित गडद करावी. नंतर रंग ओढणाऱ्या स्मज ब्रशने फक्त आडवे फटकारे द्यावेत. उभा फटकारा एकदा जरी पडला तरी पाणी काचेसारखे तडकलेले दिसते.

चंद्राचे प्रतिबिंब बरोबर चंद्राच्या खाली, रेषेपासून तेवढ्याच अंतरावर म्हणजे ६०० पिक्सेल खाली येते. ते गोल राहत नाही, लाटांवर फुटून त्याचा उभा पट्टा होतो. हा पट्टा वेगळ्या लेयरवर, लहान आडव्या रेघांनी काढावा. पलीकडच्या काठाजवळ रेघा केसाएवढ्या आणि दाट, आपल्याकडे येताना जाड आणि सुट्या. दोन रेघांमधले काळे पाणी भरून टाकण्याचा मोह आवरावा, कारण चकाकी त्या रिकाम्या जागेमुळेच दिसते.

उजेड आणि पुढचा काठ

अगदी वर एक नवा लेयर घेऊन त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची रीत, ‘स्क्रीन’ करावा; त्याने खालचे रंग उजळतात. चंद्राभोवती ५०० पिक्सेलचा एअरब्रश, फिकट निळसर रंग, ऑपॅसिटी १० टक्के आणि एकच ठसा. मग ब्रश निम्मा करून दुसरा, त्याच्याही निम्मा करून तिसरा. तीन ठशांत हवेतला प्रकाश तयार होतो. चौथा सहसा जास्त होतो.

पुढच्या काठाचा उतार आणि एखादी झुकलेली फांदी खरबरीत ब्रशने, ६ टक्के उजळपणाने काढावी. चित्रातला सर्वांत गडद भाग हाच, आणि तोही पूर्ण काळा नाही. हौस असेल तर दूरच्या काठावर एका घराचा दिवा लावावा. रंगछटा ३५, उजळपणा ७५, आकार सहा बाय चार पिक्सेल, आणि पाण्यात त्याची एक बारीक रेघ. निळ्या चित्रात एवढा पिवळा ठिपका खूप काही करतो, पण दुसरा दिवा लावला की डोळा दोघांमध्ये भटकू लागतो. भंडारदऱ्याच्या काजव्यांची आठवण इथे अनेकांना होईल. ते पावसाच्या तोंडावरचे आणि अंधाऱ्या रात्रीचे चित्र आहे, कार्तिकाच्या चांदण्यात ते घालू नये.

तपासणी

सगळ्यांच्या वर काळ्या रंगाने भरलेला एक लेयर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड ‘कलर’ केला की सगळे चित्र राखाडी दिसते. तिन्ही रांगा आता रंगाशिवायही वेगवेगळ्या ओळखू येत असतील तर चित्र जमले आहे. येत नसतील तर मधल्या रांगेचा उजळपणा दोन-तीन टक्क्यांनी हलवून पाहावा, बहुधा चूक तिथेच असते. मग हा लेयर बंद करावा आणि चित्र आडवे उलटून पाहावे. क्रिटामध्ये त्यासाठी एम हे अक्षर दाबले की पुरते.

जतन करताना लेयरसह मूळ फाईल वेगळी ठेवावी आणि दाखवण्यासाठी एसआरजीबी, म्हणजे पडद्यांसाठीच्या प्रमाण रंगांतली पीएनजी प्रत काढावी. ही प्रत ८ बिटची करण्याआधी आकाशावर अगदी हलका नॉईज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, द्यावा, नाहीतर इतका वेळ टाळलेले पट्टे शेवटच्या पायरीला परत येतात. फोनचा प्रकाश निम्म्यावर आणून चित्र पाहावे. छापायचे असेल तर मूळ फाईलच्या प्रतीत गडद छटा थोड्या उजळाव्यात आणि मोठी प्रत काढण्याआधी त्याच कागदावर पोस्टकार्डाएवढा तुकडा छापून घ्यावा, ज्यात दूरची रांग आणि पुढचा काठ दोन्ही येतील.